पैठणी राहिली

अंगठी रूपाच्या बोटात पुरती बसलीही नव्हती, तोच पैठणचे रामहरीमामा घसा खाकरून उभे राहिले.

"मंडळी, पाव्हणे जमलेत, भटजी बसलेत, जेवण तयार हाय. दोन महिन्यांनी परत हाच पसारा कशाला मांडायचा? साखरपुड्यातच लग्न लावून टाकू."

मराठवाड्यातल्या साखरपुड्यात ही सूचना नेहमी अचानकच येते. ती अचानक यावी म्हणून रूपाचा बाप सूर्यभान आठ दिवसांपूर्वी एसटीने पैठणला जाऊन आला होता. "रामहरी, तू तेवढं उभं राहून बोल. मी नाय म्हणंन. तू ऐकू नको."

कारण साधं होतं. शेंद्र्याच्या कंपनीतून निवृत्त व्हायला त्याला दोन वर्षं उरली होती आणि चिकलठाण्याच्या रो-हाऊसचे हप्ते सात वर्षांचे बाकी होते. घरात पैसा एकच होता, नऊ वर्षं लग्नासाठी साठवलेला. तो कर्जात भरला की घर मोकळं होणार होतं. पण बायकोपुढं, सत्यशीलेपुढं, विषय काढायची सोय नव्हती. तिचं उत्तर ठरलेलं, "एकुलती एक पोर हाय. लॉन्स, बँड, हजार माणूस. त्यात मला काय बोलायचं नाय."

"छे छे, असं कसं?" सूर्यभान आता ठरल्याप्रमाणे म्हणाला. "माझी एकुलती एक लेक! लोक काय म्हणतील?" हे त्यानं फार छान म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र त्याचा धीर झाला नाही. न जाणो, एखाद्यानं ऐकलं तर?

सुदैवानं मुलाचे वडील अप्पाराव दुसऱ्याच नकाराला विरघळले. "मामांच्या शब्दाबाहेर आम्ही नाय." नवरदेव प्रणय मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं ते वर न काढता हलवलं.

सूर्यभाननं हळूच बायकोकडं पाहिलं. सत्यशीलेनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "पोरीला विचारा."

रूपानं मान खाली घातली. "मोठी माणसं म्हणतील तसं."

एवढी गरीब मुलगी पाव्हण्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. दोघीतिघींनी डोळे पुसले.

पुढं सगळं भराभर झालं. मंगळसूत्र अप्पारावांच्या खिशातच निघालं. परवा सोनाराकडून आणलेलं, घरी ठेवायला भीती वाटते म्हणाले. अंतरपाट सूर्यभानच्या पिशवीत होता. एक सत्यशीलेच्याही पिशवीत होता. एका घरातून दोन अंतरपाट आले, पण कुणी कुणाला काही विचारलं नाही. मुंडावळ्या कुणी आणल्या, ते तर शेवटपर्यंत कळलंच नाही.

कमी पडली ती एकच गोष्ट, पैठणी. मामा पैठणचा आणि भाची उभी राहिली साखरपुड्याच्या साध्या साडीत! बायका कुजबुजल्या. "लग्न लावा म्हणायला पैसे लागत नायत," अप्पाराव हळूच म्हणाले. सत्यशीला जेवताना भावाशी एक शब्द बोलली नाही. मामांनी खाली मान घालून चार जिलब्या खाल्ल्या.

सोमवारी सकाळी सूर्यभान कर्जाची फाइल आणि चेकबुक घेऊन बँकेत गेला. कर्जाच्या काउंटरसमोर बाकावर व्याही अप्पाराव बसले होते.

"इवाई, तुम्ही इथं?"

"सहज आलतो."

"मी पण सहजच."

सूर्यभान शेजारी टेकला. दोघांच्या मांडीवर फाइल होती. दोघांनीही ती हातानं झाकली. शेवटी अप्पारावांनीच हात काढला. "प्रणयच्या फ्लॅटचं कर्ज. म्हणलं, कार्यालयाचे पैसे वाचले तर टाकावं मिटवून. खरं सांगू का, मामांना उभं मीच केलं होतं."

सूर्यभानला हे लागलं. "काय बोलता इवाई! मी केलं होतं."

दोघांनी बाकावरूनच पैठणला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भांडू नका," मामा म्हणाले. "दोघंबी एकाच दिवशी आलात. दाजी, तुम्ही सकाळच्या गाडीनं, इवाई दुपारच्या. ताई आदल्या दिवशी येऊन गेली."

"सत्यशीला? अन् हजार माणूस? बँड?"

"ती म्हणली, मी खर्च कमी करा म्हणलं तर त्यांना वाटंल, आपल्या कर्जापायी पोरीची हौस मारली. तूच बोल."

काउंटरवरच्या बाईंनी सूर्यभानच्या नावाचा पुकारा केला. तो उठला नाही. नऊ वर्षं ज्या बायकोपुढं विषय काढायला तो भ्याला, ती कुठल्या बाजूनं होती, हे त्याला आत्ता कळत होतं. ते कळल्याचं दाखवायचं नाही म्हणून तो मेव्हण्यावर घसरला.

"बरं, ते सगळं राहू दे. तुला तर आधीपासून माहीत होतं ना? मग एक पैठणी आणायला काय झालं होतं? गावभर तुझं नाव झालंय, चिक्कू मामा म्हणून."

फोनमध्ये मागं एसटीचा हॉर्न वाजला.

"दाजी, सोयरीक जुळली त्याच आठवड्यात रूपाला दुकानात नेलं होतं. मोरपंखी काढून ठेवली होती, लई खुलत होती तिला. खांद्यावर टाकून आरशात पाहिली तिनं. मग घडी घातली अन् म्हणली, 'मामा, ही राहू द्या. हिच्याऐवजी साखरपुड्यात उभं राहून माझ्यासाठी एवढं एक वाक्य बोला.'"