बाबिर्येचा दात

चित्रांची विनोदी पुस्तकं काढणाऱ्या नकातो आजी आमच्या मसाका शहरातल्या शाळेत आल्या. त्यांची नायिका बाबिर्ये, इयत्ता तिसरी. गोष्टीची सुरुवात ठरलेली: फळ्यावर गोंगाट करणाऱ्यांची यादी आणि त्यात पहिलं नाव तिचं.

आमची मॉनिटर नामुली चौकशीला पक्की. उभी राहून म्हणाली, “आजी, बारा पुस्तकं झाली. झगा तोच, वर्ग तोच. ढ आहे का हो ती?”

वर्ग खिदळला. आजीही हसल्या.

“आणि तिचा पुढचा पडलेला दात अजून कसा आला नाही?”

जुळ्या मुली झाल्या की थोरलीचं नाव बाबिर्ये आणि धाकटीचं नकातो ठेवतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी हसण्याच्या नादात कुणी ते जोडून पाहिलं नव्हतं.

“तो येईपर्यंत ती राहिलीच नाही गं,” आजी म्हणाल्या.

वर्ग कधी नव्हे तो चिडीचूप झाला. नामुलीनं खडू उचलला, आजच्या यादीत सगळ्यात वर ‘बाबिर्ये’ लिहिलं आणि मागच्या रिकाम्या बाकाकडे वळून दटावलं, “किती गं बडबडतेस!”