टँकरवरचे पोपट

“भामे, आजपासून भाडं बंद!”

साहेबराव पेंटरनं उंबऱ्यातूनच जाहीर केलं. क्रांती चौकातल्या दुकानाचं शटर तो आज कायमचं खाली ओढून आला होता. साठी झाली होती, हात थरथरायला लागला होता, आणि पाट्यांचा धंदा फ्लेक्सनं केव्हाच खाल्ला होता.

भाडं राहत्या घराचंच. घेणारी बायको. भामाबाई मोठ्या दवाखान्यात सिस्टर. पगार पक्का, पुढं पेन्शन पक्की. साहेबरावची कमाई आज आहे तर उद्या नाही. तरी वीस वर्षं ती दर महिन्याला त्याच्या कमाईतला अर्धा हिस्सा ‘भाडं’ म्हणून मोजून घ्यायची. “पेंटर, स्वतःच्या घरात भाडेकरू व्हय?” चौकात लोक विचारायचे. तो हसायचा, कारण वचपा त्यानं काढला होता. दुष्काळाच्या सालांत शहराबाहेर नव्या वसाहती वाढल्या आणि त्यांच्यासाठी टँकरही. त्यांच्यावर ‘पिण्याचे पाणी’ त्यानंच रंगवलं. कोपऱ्यात सहीऐवजी आपला नेहमीचा हिरवा पोपट काढला. घरी मात्र निम्मेसुद्धा टँकर सांगितले नाहीत. लपवलेल्या टँकरांच्या पैशांचं मटण दोस्तांनी खाल्लं.

“बंद तर बंद,” म्हणत भामाबाईनं पोस्टाचं पासबुक पुढं सरकवलं. “म्हातारपणी खर्चाला माझ्यापुढं हात पसरायचा नाय तुम्ही. भाडं सगळं ह्यातच टाकलंय. जेवढं तुमचं भाडं, तेवढीच माझी भर.”

पासबुकावर नाव साहेबरावचं. आकडा बघून तो खाटेवरून उठलाच.

“लई झालं की गं! माझा चष्मा कुठंय?”

चष्मा नाकावरच होता. त्यानं आकडा शेजारच्या केसरबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग डोक्यात हिशेब झाला आणि तो गपकन खाली बसला. जेवढे टँकर लपवले, तेवढी आपलीच ठेव घटली. वर तिची भरही गेली.

“भामे, दुष्काळात मी टँकर चाळीस सांगितले होते ना?”

“व्हय.”

“थोडे... जास्ती होते.”

“पान उलटा.”

त्यानं उलटलं. दुष्काळाच्या सालांतल्या रकमा चाळीस टँकरांच्या नव्हत्या. दुपटीहून जास्त होत्या.

“हे कुणी भरलं?”

“मीच. ड्यूटीला जाता-येता बसमधून पोपट मोजत होते. सत्त्याऐंशी टँकरांचं भरलंय. एखादा माझ्या बसच्या वाटेबाहेर, तिकडं बिडकीनला गेला असंल, तर आत्ता सांगा.”