सकाळची पाच मिनिटं

“महिन्याला दोन बाटल्या ऑइल? माझा मेव्हणासुद्धा एवढं पीत नाही,” मेकॅनिक व्हर्लिन कुरकुरला. त्यानं मार्लिसच्या नवऱ्याच्या जुन्या स्पोर्ट्सकारच्या इंजिनात नळीवरचा कॅमेरा सोडला. पडद्यावर सिलिंडरच्या अस्तरावरचे उभे ओरखडे दिसले. “थंड इंजिन सुरू करून तापायच्या आत बंद केलं की अस्तर असं घासतं. मिनेसोटाचा आणखी एक हिवाळा, की गाडी संपली. करतं कोण हे?” मार्लिसची लेक ग्रेटा हातमोज्यांशी चाळा करू लागली. “मीच,” मार्लिस म्हणाली. “रोज सकाळी सातला, पाचच मिनिटं. स्वयंपाकघरात कॉफी पिताना आवाज ऐकते. वाटतं, रॉय कामाला निघालाय.” रॉयच्या दफनाला दोन वर्षं झाली होती, तरी तो परगावी असल्यासारखंच सगळे बोलत, त्याचा मित्र व्हर्लिनही. त्यानं कॅमेरा पुसला. “गाडी जगवायची तर आता तूच लांबवर चालव, मार्लिस. रॉय गेला.”