पुन्हा सांग की

पुढं सरकून बसा, मंडळी, असे दाराशी नको. देवानं आज आपल्या सोलापुरातलीच गोष्ट ओंजळीत घातलीय, ती तुमच्या ओंजळीत घालतो.

सात रस्ता चौकातल्या ऑफिसात मानसिंगसाहेबांनी देवयानीला सकाळी दारातच गाठलं.

"तुझ्या एजंटानं काल दवाखान्याची रांग उधळली की!"

एजंट म्हणजे माणूस नव्हे, दवाखान्यात पेशंटना नंबर देणाऱ्या प्रोग्रॅममधला बिघाड शोधणारा एआय. त्याच्या हाताशी दोन टूल्स. एक नोंदी वाचून बिघाडाचं कारण दाखवतं. दुसरं प्रोग्रॅम बंद करून परत चालू करतं. कुठलं कधी घ्यायचं हे तो टूलचं वर्णन वाचून ठरवतो, आणि ती वर्णनं लिहायची देवयानीनं. काल त्यानं भर गर्दीत दुसरं उचललं. सगळे नंबर पुसले गेले आणि पेशंट एकमेकांच्या अंगावर गेले.

"संध्याकाळी चाचणी. पुन्हा चुकला, तर हे काम पुण्याच्या टीमकडं. तू मग दुसरी नोकरी बघ."

"नाही चुकणार. वाक्यं माझी आहेत, मीच सुधारते."

लॅपटॉप घेऊन ती तडक घरी आली. घर म्हणजे भाड्याची वरची खोली, नुकतीच घेतलेली. खाली कट्ट्यावर घरमालक कोंडीबा बसलेले. जन्मभर कीर्तनात टाळ धरलेला माणूस. टाळ सुटला तरी एकादशीला पहिल्या ओळीतली जागा त्यांचीच. बुवांची नजर सारखी त्यांच्या चेहऱ्यावर. मान डोलली की बुवा पुढं जातात, नाही डोलली की दृष्टांत नव्यानं सांगतात. देवयानीनं हे गेल्या एकादशीला पाहिलं होतं.

ती त्यांच्यासमोर बसली. "काका, वाचून दाखवते. कळलं नाही तर तिथंच अडवा."

कोंडीबा सरसावून बसले. तिच्या तोंडावरून त्यांची नजर हलेना.

"बिघाड आढळल्यास हे टूल योग्य वेळी वापरावे."

"न्हाय कळलं. पुन्हा सांग की."

योग्य वेळ म्हणजे कुठली? तिला स्वतःलाच सांगता येईना. तिनं वाक्य खोडलं.

"बिघाडाचं कारण समजल्यावर वापरावं."

"पुन्हा सांग."

"आता काय राहिलं, काका?"

"पुन्हा सांग की."

म्हातारा लई खडूस, असं तिच्या मनात आलं. पण खरंच, कारण समजणार कुठून? पहिल्या टूलचा त्यात उल्लेखच नव्हता. तिनं तेही खोडलं.

कोंडीबांची बायको मथुराबाई चहा घेऊन आल्या. "ह्यांच्या काय नादाला लागलीस, बाई? लेकरागत तासभर तोंड बघत बसत्यात."

"काकू, असा ऐकणारा मला ऑफिसात एक मिळाला नाही."

मथुराबाई काहीतरी बोलणार होत्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

देवयानी वाचत गेली, अडत गेली, खोडत गेली. अखेर तिचा आवाज कुठंच चाचरला नाही, कपाळावरची आठीही गेली.

"हे टूल प्रोग्रॅम बंद करून परत चालू करतं. त्यात रांगेतले नंबर पुसले जातात. म्हणून आधी नोंदी वाचणारं टूल वापरा. कारण सापडल्याशिवाय याला हात लावू नका. रांगेत पेशंट असतील, तर माणसाला विचारल्याशिवाय मुळीच नाही."

कोंडीबांची मान डोलली. "व्हय! आता बसला ठेका."

संध्याकाळी एजंटानं आधी नोंदी वाचल्या. साठवणीची जागा भरलीय, हे कारण काढलं. मग थांबला आणि विचारलं, "रांगेत पेशंट आहेत. प्रोग्रॅम बंद करू का?"

मानसिंगसाहेबांनी खुर्ची मागं सारली. "पुण्याला कळवतो, काम हितंच ऱ्हाईल म्हणून."

देवयानी पेढे घेऊन धावतच घरी आली. कोंडीबा पाठमोरे, तुळशीला पाणी घालत होते.

"काका, जमलं! तुमच्यामुळं जमलं!"

कोंडीबा पाणी घालतच राहिले. ती समोर जाऊन उभी राहिली, पुन्हा तेच बोलली. ते हसले.

"न्हाय कळलं. पुन्हा सांग की."

मथुराबाईंनी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. "कागदावर लिहून दाव, पोरी. दोन वर्सं झाली, कानाशी टाळ वाजला तरी त्यास्नी ऐकू येत न्हाय."

मंडळी, एकादशीला हात जोडाल तेव्हा आमच्या कोंडीबांची आठवण ठेवा. बुवांना मात्र सांगू नका.