पिवळी चौकट

"हा घे, आणि आधी नाक मुरडू नकोस," असं म्हणत भिंगनं काउंटरवर एक छोटासा कॅमेरा ठेवला.

मास्तरांनी नाक मुरडलंच. आयुष्यभर लोकांच्या लग्नांत भलंमोठं धूड गळ्यात अडकवून फिरलेला माणूस. साबणाच्या वडीएवढी ती वस्तू हातात घ्यायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. पण उजवा खांदा आता ऐकेनासा झाला होता. डॉक्टरांनी तर तोंडावर सांगितलं होतं, खांद्यावरचं वजन कमी करा नाहीतर धंदा बंद करा. म्हणून मोठा कॅमेरा महत्त्वाच्या फोटोंपुरता आणि दिवसभर गर्दीत फिरायला एखादा हलका, असा मधला मार्ग निघाला होता.

भिंग म्हणजे दुकानदार. जाड काचांच्या चष्म्यामुळे शाळेत पडलेलं नाव साठी आली तरी सुटलं नव्हतं. आणि मास्तर हे मास्तर, कारण गावातले निम्मे फोटोग्राफर त्यांच्या शिव्या खाऊन तयार झाले होते.

"आरसा नसतो यात, म्हणून एवढा हलका," भिंग सांगू लागला. "आवाजही नाही. वापरलेला आहे, पण बघ, साधा ओरखडा नाही. परवा व्यापाऱ्याकडून दहा-बारा जुने आले, त्यातला हा निवडून ठेवलाय तुझ्यासाठी."

हलका आहे, आवाज नाही. तीन वर्षांपूर्वी मास्तरांचा पोरगा हेच सांगत होता. तोही असाच एक कॅमेरा घेऊन आला होता, याच कंपनीचा, आणि मास्तरांनी सगळ्या शिष्यांसमोर त्याची टर उडवली होती. "खेळणं आहे ते! खांदा दुखत नाही तो फोटोग्राफर कसला?" पोरगा उलटून बोलला. शब्दानं शब्द वाढला आणि मास्तरांचा हात उठला. पोरगा कॅमेरा घेऊन निघून गेला तो गेलाच. चौथ्या दिवशी नदीकाठी त्याची बॅग आणि चपला सापडल्या. कॅमेरा नव्हता. तोही नव्हता.

लोक म्हणाले, बुडाला. मास्तरांनी ते मान्य केलं. बायकोनं मात्र भिंतीवर त्याचा फोटो लावू दिला नाही. "काही हाती लागलं नाही, मी कशी मानू?" असं ती म्हणायची आणि मास्तर तिच्यावर खेकसायचे. खरा राग तिच्यावर नव्हताच. आपणच आपल्या पोराला मारलं, हे त्यांना आतून कुरतडत होतं.

हल्ली तर हद्द झाली होती. भरल्या हॉलमध्ये फोटो काढताना पाठीवर कुणाची तरी नजर टोचायची. वळून बघावं तर नुसती पाहुण्यांची गर्दी. दोनदा तर अगदी त्याच्याच चालीचं कुणीतरी दारातून सटकल्यासारखं वाटलं. मास्तर मागे धावले नाहीत. गेलेलं माणूस असंच छळणार, म्हणून घाम पुसून पुन्हा कामाला लागले.

"अरे, चालू तरी करून बघ!" भिंग ओरडला.

मास्तरांनी कॅमेरा छातीशी धरला आणि पडद्याकडे बघत भिंगवर रोखला. त्याच्या चेहऱ्याभोवती पांढरी चौकट उमटली.

"चेहरा आपला आपण शोधतो," भिंग ऐटीत म्हणाला.

तेवढ्यात चौकट त्याला सोडून मागच्या कपाटाच्या आरशावर गेली आणि पिवळी झाली. आरशात मास्तर होते.

"तुझं थोबाड त्याला पसंत नाही," मास्तर म्हणाले.

त्यांनी पुन्हा रोखला. पुन्हा तेच. ते डावीकडे सरकले, चौकटही सरकली. भिंगनं मुद्दाम मान पुढे काढली, तरी ती त्याला ओलांडून मास्तरांवरच जाऊन बसली. भरदुपारी, बाहेर रहदारीचा गोंगाट चालू असताना, मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आण इकडे. भूत बघितल्यासारखा काय करतोस?" भिंगनं कॅमेरा काढून घेतला. "यात चेहरे भरून ठेवता येतात. आपल्या माणसाचा चेहरा एकदा भरला की शंभर जणांतही हा त्यालाच आधी शोधतो. लोक पोराबाळांचे भरतात. आधीच्या मालकाचं पुसायचं राहिलं असेल. पण तो तुला कशाला..."

बोलता बोलता त्यानं यादी उघडली. आठ जागा होत्या, त्यातल्या सात रिकाम्या. पहिल्या जागेत तिकिटाएवढा मास्तरांचा चेहरा होता, नजर दुसरीकडेच कुठेतरी.

मास्तर स्टुलावर बसले.

"त्याचा आहे रे हा. माझ्या पोराचा," ते म्हणाले. "नदीकाठावरून कुणीतरी उचलला असेल आणि फिरत फिरत इथं आला. सारखा म्हणायचा, बाबा, तुम्ही सगळ्या गावाचे फोटो काढता, तुमचा मात्र एक नाही. कधी काढला हा, मला पत्ताही नाही. मी त्याला चार लोकांत हाणलं रे, आणि त्यानं पहिला चेहरा माझा भरला!"

तीन वर्षांत डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस दुकानात बसून ढसाढसा रडला.

"गेला, पण राग धरून नाही गेला," जरा वेळानं डोळे पुसत ते म्हणाले. "चल, दे तो बांधून. घरी नेऊन हिला दाखवतो. आता तरी तिला पटेल. त्याचा फोटो आजच लावून टाकतो भिंतीवर."

भिंगनं कॅमेरा बांधायला घेतला. पावतीसाठी उलटा करून तळाचा मॉडेल नंबर चष्म्याजवळ नेला. वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"मास्तर, फोटो नको लावूस," तो हळूच म्हणाला. "हे मॉडेल बाजारात येऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही."