खाडीकडची रिंग

शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा मनुबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दामाजीला मात्र बसायचंच होतं उंबऱ्यापाशी. वेळ आली तर गुपचूप उठून जाता यावं म्हणून.

कोपर गावच्या बास्केटबॉलच्या पोरांवर टीव्हीवाल्यांनी मालिका काढली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी लागोपाठ पाच वर्षं जिल्ह्याचा कप आणणारी कोळ्यांची पोरं, खाडीकाठचं मातीचं मैदान, सगळं आता रविवारी सकाळी अख्खा महाराष्ट्र बघत होता. आधीच्या भागांना गावानं नुसता धिंगाणा घातला. कुणाची होडी दिसली तरी टाळ्या, कुणाचा कुत्रा दिसला तरी शिट्ट्या. दामाजीची बायको आवडाबाई जुन्या चित्रीकरणात मॅचला पातेल्याचं झाकण बडवताना दोनदा दिसली, तेव्हापासून तर ती बाजारात भावसुद्धा करत नव्हती. टीव्हीवरची बाई ती, घासाघीस कशी करणार?

आज पाचव्या कपाची पाळी होती. आणि पाचवा कप म्हटला की दामाजीचं जाळं आलंच.

झालं होतं ते एवढंच. त्या वर्षी फायनल गावच्याच मैदानावर होती आणि त्या सकाळी खाडीकडच्या रिंगची जाळी फाटून लोंबत होती. संघाचा कॅप्टन चंदू धावत दामाजीकडे आला. कोळ्याच्या घरी जाळं मागायला लाज कसली? दामाजीनं रिंगचं माप घेतलं आणि दुपारच्या आत नवंकोरं जाळं विणून दिलं. मॅचच्या वेळेला तो कायम होडीवर असायचा, त्यानं हा खेळ कधी डोळ्यानं पाहिलेलाच नव्हता. जाळं त्याच्या हातून खाली निमुळतं होत गेलं. मॅचच्या अगदी शेवटी चंदूनं बास्केट केली, कोपर एका गुणानं पुढं गेलं आणि चेंडू जाळ्यातच बसला. समोरच्या संघातली ठाण्याची पोरं खाली उड्या मारतायत, कुणी होडीची काठी आणायला पळालंय, तोवर मॅच संपल्याची शिट्टी वाजली.

कप गावात आला आणि त्याच्या मागोमाग बोलही. दामाजीनं मुद्दाम जाळं आवळलं, असं ठाण्याकडचे उघड म्हणायला लागले. ते एकवेळ चाललं असतं. पण गावातल्यांनी डोळा मारून त्याची पाठ थोपटली, ‘काय डोकं लावलंस’ म्हणून, ते त्याच्या जिव्हारी लागलं. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. पाठ थोपटणाऱ्याचं काय करायचं? तेव्हापासून तो मैदानाच्या वाटेनं जात नसे. मासळी घेऊन डोंबिवलीच्या बाजारात गेला की एखादा हटकून विचारायचाच, “काय दामाजी, आज पापलेट धरलंस का कप?”

आणि आज हे सगळं टीव्हीवर येणार. लेक मोहने गावात दिलेली, तिच्या सासरीही टीव्ही होता.

पडद्यावर एक चष्मेवाला, पोट सुटलेला माणूस आला. हा सुधीर, ठाण्याच्या संघाचा तेव्हाचा कॅप्टन. मुलाखत घेणाऱ्यानं जाळ्याचं विचारलं. आवडाबाईनं मागं वळून बघितलं. दामाजी उभा राहिला होता.

सुधीर हसला. “फसवून हरवलं, असं मीच गावभर सांगत फिरलो,” तो म्हणाला. “पण एक गोष्ट कधी सांगितली नाही. हाफटाइमच्या आधी त्या खाडीकडच्या रिंगवर आम्ही बास्केट करत होतो. माझाच चेंडू त्या जाळ्यात अडकला होता. तो काढेपर्यंत वेळ गेला. आम्ही पुढे होतो, म्हणून मी चकार शब्द काढला नाही. जाळं दोघांना सारखंच होतं हो. हरल्यावर मला ते वाईट दिसलं.”

मग घरात जो गलका झाला तो पार खाडीपलीकडे गेला असेल. आवडाबाईनं आधी नवऱ्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि मग पदर डोळ्यांना लावला. दामाजीचा जीव भांड्यात पडला. आपला एक पाय उंबऱ्याबाहेर आहे हे त्याच्या आत्ता कुठं लक्षात आलं. तो पाय त्यानं आत घेतला, दोघा-तिघांना बाजूला सारलं आणि खुशाल पुढं टीव्हीसमोर जाऊन मांडी ठोकली. मनुबाईनं त्याच्या हातात चहा दिला. इतका गोड चहा त्यानं फार दिवसांत प्यायला नव्हता.

गर्दीत चंदूही होता. तो सरकत सरकत दामाजीजवळ आला.

“काका, म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हतं केलेलं?”

“नाय.”

“आम्हाला वाटलेलं, आमच्यासाठी केलंत.” चंदूनं मान खाली घातली. “मग खालून एवढं आवळलंत कशाला?”

इतक्या वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. ठाण्यानं नाही, गावानं नाही, घरातल्या आवडाबाईनंही नाही. दामाजीनं कप खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं,

“अरं पोरा, आमच्या जाल्यान शिरला त्यो भायेर जावाचा नसतो. तुमचा चेंडू खाली परला पायजे, ह्या मना त्या दिशी कोनी सांगितलाच नाय.”