हिरवं शून्य

"मग हा इथे काय करतोय?" तिने टेबलावरचा सेन्सर उचलून मुकादमाच्या नाकासमोर धरला. त्यावर खडूने ठळक 'चार' लिहिलं होतं.

"दुरुस्तीला काढलाय. काल."

"आणि पेजवर चार नंबरच्या टाकीत वायू शून्य दिसतोय!"

"दिसू दे की, मॅडम. शून्य म्हणजे चांगलंच ना?"

ते पेज तिनेच बनवलं होतं. प्रत्येक टाकीतला सेन्सर आकडा पाठवणार, पेज तो दाखवणार. पण कधी कधी आकडा यायचाच नाही. शून्यही नाही, काहीच नाही. तेव्हा रकाना कोरा राहायचा आणि साहेबांच्या कपाळावर आठ्या. "गिऱ्हाईक बघतात हो. हे काय, दात पडल्यासारखं!"

मग तिने एक अट लिहिली: आकडा आला तर तो दाखव, नाहीतर शून्य. शून्य असेल तर हिरवा रंग. साहेब खूश झाले. तिला खिडकीजवळची जागा मिळाली.

त्या खिडकीतून टाक्या दिसत. त्यातल्या वायूला वास नव्हता. माणूस आत उतरल्यावर ओरडायलाही सवड मिळत नसे. आज साफसफाईला उतरणार होता तिचा धाकटा भाऊ. इथे त्याला तिनेच चिकटवला होता.

"त्याला चारमध्ये उतरवू नका. आत्ताच्या आत्ता सांगा."

मुकादमाने वॉकीटॉकी उचलला. "ए, चार सोड. पाच घे."

खरखरीतून हसू आलं. "ताई आहे ना तिथे? तिचं चाललं असतं तर मी अजून बाबागाडीत असतो!"

"पाचचं काय?" तिने विचारलं.

"पाचचा सेन्सर जागेवर आहे. मी स्वतः पुसतो. गेल्या वर्षी वायरिंग नवं केलं, तेव्हापासून शून्यावरून हललेला नाही. एवढी शिस्त या कारखान्यात साहेबांनासुद्धा नाही."

तिला हसू आलं. ती खुर्चीत बसली आणि ती अट उघडली. शून्य खोडून तिथे लिहिलं, 'माहिती नाही'. रंग लाल. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण खिडकी कोणाला नको असते?

बाहेर भावाने पाचच्या तोंडाशी उभं राहून तिला हात केला, उगाच सलाम ठोकला. मग पाय आत गेले, खांदे गेले, शेवटी पिवळं हेल्मेट.

तिने पेज पुन्हा उघडलं. आधी चारची ओळ शोधली. लाल. 'माहिती नाही'.

"हे बघा," ती मुकादमाला म्हणाली, "आता खरं बोलतंय."

मुकादम वाकून बघू लागला आणि वाकलेलाच राहिला. तिची नजर चारवरून खाली सरकली, मग वर, मग परत खाली.

पहिल्या टाकीपासून शेवटच्या टाकीपर्यंत एकही ओळ हिरवी नव्हती.